राज्यसभेतले बाबासाहेब: "घटना जाळणारा पहिला मीच असेन" हे वाक्य नेमकं कुठल्या भाषणातलं?

रानवारा

नमस्कार मंडळी. भाची बारावीला आहे, तिने वक्तृत्व स्पर्धेसाठी "राज्यसभा सदस्य डॉ. आंबेडकर" असा विषय घेतलाय. घटना समितीतल्या भाषणांवर सगळेच बोलतात म्हणून तिला १९५२ नंतरचं काहीतरी हवंय. आता शोधायला बसलो की सगळीकडे एकच वाक्य फिरतंय, "घटना जाळणारा पहिला मीच असेन", आणि त्याखाली दोन्ही बाजूंची भांडणं. मागचं पुढचं कोणीच देत नाही. तर हे खरंच सभागृहात बोलले होते का, कुठल्या चर्चेत, आणि त्याशिवाय राज्यसभेत त्यांनी कुठले विषय मांडले? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, मला तिला अर्धवट काही द्यायचं नाहीये.

सातारकर_वकील

हो, बोललेत, रेकॉर्डवर आहे. पण त्याआधी ते राज्यसभेत कसे आले ते भाचीला माहीत पाहिजे. हिंदू कोड बिलावरून (हिंदूंच्या विवाह, वारसा वगैरेंच्या कायद्यांत सुधारणा करणारं विधेयक) १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं, १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून लोकसभेला हरले, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून, आणि मग मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. म्हणजे ज्या सरकारात मंत्री होते त्याच सरकारसमोर आता विरोधी बाकावर. हे डोक्यात ठेवून वाचलं की त्या भाषणांतला चढा सूर कळतो.

वाक्य २ सप्टेंबर १९५३ चं. चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर. वेगळ्या आंध्रसाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये वारले, त्यानंतर सरकार हललं आणि हे विधेयक आलं. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की भाषावार राज्य झालं की तिथल्या मोठ्या समाजांच्या हातात सगळं जाणार, मग छोट्या समाजांनी दाद कोणाकडे मागायची, तर राज्यपालाला त्यांच्या रक्षणासाठी काही अधिकार द्या, त्याला नुसता सहीचा शिक्का करून ठेवू नका. यावर मधेच एक सदस्य म्हणाले की पण राज्यपालाला असे अधिकार न देण्याचं समर्थन तुम्हीच केलं होतं ना. बाबासाहेब म्हणाले, आम्ही वकील लोक पुष्कळ गोष्टींचं समर्थन करतो. आणि मग ते सुटलेच. लोक मला घटनेचा कर्ता म्हणतात, मी सांगकाम्या होतो, जे करायला सांगितलं ते बरंचसं मनाविरुद्ध केलं, आणि पुढे ते जाळण्याचं वाक्य.

आता फॉरवर्डमध्ये जे कापलं जातं ते त्याच्या लगेच पुढचं आहे आणि माझ्या मते खरं भाषण तेच आहे. ते म्हणतात की देश चालवायचा असेल तर इथे बहुसंख्य आहेत आणि अल्पसंख्य आहेत हे विसरून चालणार नाही, अल्पसंख्यांना मान्यता दिली तर लोकशाहीला धोका असं म्हणून त्यांना बाजूला सारू नका, सर्वात मोठं नुकसान अल्पसंख्यांना दुखावण्यानेच होईल. म्हणजे रागाचं कारण त्याच परिच्छेदात आहे! तेवढं काढून टाकून नुसतं जाळण्याचं वाक्य फिरवायचं हा त्यांच्यावर अन्याय आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

शीतल_पु

वकीलसाहेबांनी छान सांगितलंय. पण ताई असो की दादा, भाचीला १९ मार्च १९५५ चं भाषण वाचल्याशिवाय स्टेजवर जाऊ देऊ नका. चौथ्या घटनादुरुस्तीवरची चर्चा, म्हणजे कलम ३१, मालमत्ता घेतली तर मोबदला किती आणि कसा. बाबासाहेब तिथे स्पष्ट सांगतात की या कलमाची जबाबदारी माझी किंवा मसुदा समितीची नाही, त्या वेळी काँग्रेसमध्येच नेहरू, पटेल आणि पंत यांची तोंडं तीन दिशांना होती आणि त्यातून जी तडजोड निघाली ती म्हणजे हे कलम. बोलता बोलता एक सदस्य डॉ. अनुप सिंग यांनी आठवण करून दिली की मागे तुम्ही घटना जाळायची भाषा केली होती.

बाबासाहेब टाळाटाळ करत नाहीत. म्हणतात, तेव्हा घाईत कारण सांगायचं राहिलं, आता सांगतो. आपण देवासाठी देऊळ बांधलं, पण देवाची स्थापना व्हायच्या आधीच राक्षस आत जाऊन बसला तर देऊळ पाडण्याशिवाय काय करणार? असुरांनी राहावं म्हणून आपण ते बांधलं नव्हतं. यावर बी. के. पी. सिन्हा म्हणाले, मग देऊळ कशाला पाडता, राक्षसाला मारा ना. तर बाबासाहेबांचं उत्तर की ते जमत नाही, तेवढी ताकद आपल्यात नाही, आणि दाखला दिला तो शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाचा, की तिथे देव असुरांकडून सारखे हरताना दिसतात.

हा सगळा संवाद जेमतेम काही ओळींचा आहे पण एवढ्यात त्यांचं वाचन, हजरजबाबीपणा आणि आतली निराशा सगळं दिसतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

भिमथडी

माझं मत वेगळं आहे. ते वाक्य स्पर्धेत घेऊच नका. सात आठ मिनिटांत १९५३ आणि १९५५ दोन्ही समजावून सांगायला वेळ नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात फक्त "जाळीन" राहतं. त्यापेक्षा १६ सप्टेंबर १९५४ घ्या, अस्पृश्यता गुन्हे विधेयक. त्यावर कोणी बोलत नाही आणि आमच्यासारख्यांच्या घरादाराशी संबंध असलेला विषय तोच आहे.

तिथे त्यांनी नावापासूनच हरकत घेतली. म्हणाले या नावामुळे हे अगदी किरकोळ विधेयक वाटतं, धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू दिले नाहीत, एवढ्यापुरतंच काहीतरी. खरा प्रश्न नागरी हक्कांचा आहे तर कायद्याच्या नावातच नागरी हक्कांचं संरक्षण असं आलं पाहिजे. तेव्हा ऐकलं नाही, १९५५ मध्ये कायदा जुन्याच नावाने झाला. आणि १९७६ मध्ये दुरुस्ती करून नाव काय ठेवलं, तर नागरी हक्क संरक्षण कायदा! वीस वर्षांहून जास्त गेली आणि ते बघायला ते नव्हते. विरोधी बाकावरचा माणूस मतदानात हरतो पण त्याचं म्हणणं छापून राहतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आमच्या वस्तीत आजोबांच्या पिढीला पाणवठ्यावर जे सोसावं लागलं ते लाडू न मिळण्याएवढं किरकोळ नव्हतं, म्हणून हे भाषण वाचताना आतून हलायला होतं.

रानवारा

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. भिमथडी दादा तुमचा मुद्दा तिला वाचून दाखवला, ती म्हणतेय सुरुवात लाडूपासूनच करते. आणखी एक, परराष्ट्र धोरणावर बोललेत का? आणि मूळ भाषणं वाचायला कुठे मिळतील?

मांडवीकाठ

मी गोव्याचा म्हणून हे मला सांगायलाच पाहिजे. २६ ऑगस्ट १९५४, आंतरराष्ट्रीय परिस्थितीवरची चर्चा, लांबलचक भाषण आहे. नेहरूंच्या पंचशीलावर, म्हणजे चीनसोबत ठरवलेल्या शांततेने नांदण्याच्या पाच तत्त्वांवर, थेट टीका. माओंना पंचशील खरंच पटत असतं तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं असं म्हणाले, आणि तिबेटची राजधानी ल्हासा चीनच्या हातात जाऊ दिल्याने चीनची हद्द आपल्या हद्दीला आणून भिडवायला आपणच मदत केली असंही. हे १९६२ च्या आठ वर्षं आधी!

आणि त्याच भाषणात गोवा आहे. त्यांचं म्हणणं की सुरुवातीलाच पंतप्रधानांनी ठोस पाऊल उचललं असतं तर छोट्याशा पोलीस कारवाईत काम झालं असतं, नुसतं ओरडून काही होत नाही. शिवाय दुसरे मार्गही मांडले, अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना विकत घेतलं तसं विकत घ्या, नाहीतर निजामाकडून वऱ्हाड जसं भाडेपट्ट्याने घेतलं गेलं तसं बघा. विकत घेण्याची कल्पना मला स्वतःला पटत नाही, आमची माणसं तेव्हा लाठ्या खात होती, तुरुंगात होती, त्यांच्या भूमीचा सौदा कसला? पण हा प्रश्न लोंबकळत ठेवू नका ही तळमळ खरी होती. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर पाठवावंच लागलं.

सातारकर_वकील

वाचायला सोपं म्हणजे महाराष्ट्र शासनाने काढलेले इंग्रजी खंड, त्यातला पंधरावा. कायदामंत्री असतानाची आणि नंतर विरोधी बाकावरची संसदेतली भाषणं त्यात एकत्र आहेत. राज्यसभेच्या चर्चा आता स्कॅन करून ऑनलाइन पण ठेवल्यात, तारीख टाकून शोधायचं. एक अडचण येईल ती आधीच सांगतो, राज्यसभा हे नाव २३ ऑगस्ट १९५४ ला जाहीर झालं, त्याआधीच्या पानांवर सगळीकडे काउन्सिल ऑफ स्टेट्स असं दिसेल, तेव्हा १९५३ चं भाषण राज्यसभा म्हणून शोधलं तर सापडणार नाही.

आणि तिला सांगा, मधे मधे जे सदस्य बोलतात ते गाळून वाचू नकोस. बाबासाहेबांची धारदार उत्तरं त्या अडवण्यामुळेच आलीयत.

शीतल_पु

+१. आणि स्पर्धा झाली की भाषण इथे टाका, आम्हाला वाचायचंय.