मदत हवी आहे : घरच्या घरी अरबी शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं?

पॅकिंग_सेक्शन (सोलापूर), सोमवार, रात्री 10:40

अरबी शिकायची आहे. क्लास लावणं शक्य नाही, घरीच शिकणार. एक पुस्तक ऑनलाइन मागवलं, साडेपाचशे रुपये गेले आणि बाराव्या पानावर अडले. त्यात 'अल-शम्स' लिहायचं आणि 'अश्-शम्स' वाचायचं, पण 'अल-कमर' मात्र लिहिलं तसंच वाचायचं. का, ते कुठेच नाही. सगळीकडे इंग्रजी अक्षरं, त्यांच्या खाली टिंबं, डोक्यावर रेघा. कृपया फक्त चांगल्या पुस्तकाचं नाव सांगा. लवकर सांगितलंत तर बरं, माझ्याकडे दीड महिना आहे.

शब्दकोशी, सोमवार, रात्री 11:05

नाव सांगतो, पण आधी कळू दे की कुठली अरबी? कुराण वाचायचंय, बातम्या समजून घ्यायच्यात की आखातात जाऊन बोलायचंय? लिहिण्याची प्रमाण अरबी, म्हणजे फुसहा, मोरोक्कोपासून इराकपर्यंत एकच आहे. बोली मात्र देशागणिक बदलते. कैरोचा माणूस 'ज'च्या जागी 'ग' म्हणतो, आखातात 'क़ाफ'चा 'ग' होतो. उर्दू येते का? मागवलेलं पुस्तक कोणतं? दीड महिन्यानंतर काय आहे?

तुमच्या अडलेल्या पानाचं उत्तर मात्र आत्ताच देतो. अरबीत 28 अक्षरं, त्यातली 14 'सूर्य' (शम्स) आणि 14 'चंद्र' (कमर). त, द, र, स, श, न अशी जी अक्षरं जिभेच्या शेंड्याजवळ उच्चारली जातात, ती सूर्य अक्षरं. त्यांच्यापुढे 'अल'मधला 'ल' त्यांच्यातच मिसळून जातो. आपण शाळेत 'तत् + लीन = तल्लीन' शिकलो, त्यात 'त्'चं जे होतं तेच इथे 'ल'चं होतं. क, म, ब, ह यांना जिभेचा शेंडा लागत नाही, म्हणून 'अल-कमर' तसंच राहतं.

दम्माम_रिटर्न, मंगळवार, सकाळी 6:50

ताई, मी 11 वर्षं सौदीतल्या दम्मामला एसी मेकॅनिक होतो, आता होटगी रोडला राहायलोय. पुस्तकाच्या नादाला लागू नका. मी एक पान वाचलं नाही आणि सहा महिन्यांत बाजारहाट, दवाखाना सगळं अरबीत करायला लागलो. 'शलोनक' म्हणजे कसे आहात, बाईमाणसाला 'शलोनिच'. 'बिकम' म्हणजे केवढ्याला. 'बुक्रा' उद्या, 'मा फी' नाही, 'शुवय शुवय' हळूहळू. एवढ्यावर पहिला महिना निघतो. पुस्तकातलं 'कैफ हालुक' मी तिथं टीव्हीवर जास्त ऐकलं, दुकानात कमी.

आणि एक काळजीनं सांगतो. एजंटाला पैसे देताना पावती घ्या, व्हिसावर कामाचं नाव काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्या. माझ्याबरोबर आलेल्या एका पोराच्या कागदावर वेगळंच काम निघालं, दोन वर्षं उन्हात काढली त्यानं. मूळ पासपोर्ट कुणाकडे ठेवू नका.

मुदर्रिस, मंगळवार, सकाळी 9:15

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे, अनेक वर्षं संध्याकाळी मुलांना अरबीही शिकवली. माझ्या अनुभवात एकच पुस्तक टिकतं : डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांचं 'दुरूसुल् लुग़तिल् अरबिय्या'. लेखक आपल्या तामिळनाडूतल्या वानियंबाडीचे, मदीनेच्या इस्लामी विद्यापीठात त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवली आणि त्यातून हे भाग तयार झाले. पहिला धडा : 'मा हाज़ा? हाज़ा बैतुन.' हे काय? हे घर. व्याकरणाचा एकही शब्द न उच्चारता व्याकरण अंगात मुरतं. सगळा मजकूर अरबीतच आहे, मात्र इंग्रजीतली मार्गदर्शिका वेगळी मिळते.

माझा सल्ला, आधी दोन महिने उर्दू शिका. विजापूर वेशीत शिकवणारे सहज भेटतील, लिपी बसली की अरबी सोपी.

शब्दकोशी, मंगळवार, सकाळी 9:50

सर, आदर राखून असहमती नोंदवतो. उर्दूमार्गे जाणं म्हणजे अक्कलकोटला जायला आधी पंढरपूर गाठणं. उर्दूची छपाई नस्तालीकमध्ये, तिरकी उतरत जाणारी. अरबीची नस्ख, ओळीवर सरळ बसलेली. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ो या चारही अक्षरांचा उच्चार एकच 'ज़'. अरबीत चारही वेगळे. एकदा जिभेला सवय लागली की सुटत नाही.

माझं मत 'अलिफ बा'. अक्षरं, उच्चार, लेखन सगळं त्यात आहे, ऐकायला ध्वनिफिती आहेत. ते संपलं की त्याच मालिकेतलं 'अल-किताब'. तिसऱ्या आवृत्तीत फुसहाबरोबर इजिप्तची आणि शामची (सीरिया-लेबनॉनकडची) बोलीही शेजारी-शेजारी दिली आहे.

मुदर्रिस, मंगळवार, सकाळी 10:20

'अल-किताब' मी पाहिलं आहे. सुरुवातीच्याच धड्यात 'अल-उमम अल-मुत्तहिदा', म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ! ज्याला अजून 'पाणी' आणि 'पोळी' येत नाही त्याला संयुक्त राष्ट्रसंघ कशाला? विद्यापीठात शिक्षक समोर असेल तर ते ठीक. एकट्याने घरी बसून नाही. आणि त्यात आखाती बोली नाहीच.

उच्चाराबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे. माझ्या विद्यार्थ्यांचा 'ज़ाद' सुधारायला मला वर्ष लागतं.

पॅकिंग_सेक्शन, मंगळवार, दुपारी 1:35

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी पुस्तकाचं नाव विचारलं आणि मलाच दहा प्रश्न. मी आखातात जात नाहीये. उर्दू येत नाही. घरी तेलुगू, शाळा मराठी. मला बोलायचं नाही, वाचायचं आहे. मोठी पुस्तकं नाही, थोडक्यात वाचता यावं इतकंच. शब्दकोशी सर, 'तल्लीन'चं समजलं, त्याबद्दल आभार.

शब्दकोशी, मंगळवार, दुपारी 1:50

काय वाचायचं आहे?

जुनं_सोलापूर, मंगळवार, दुपारी 3:10

वाचून आनंद झाला. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हती. तिथे राहून ती शिकले, रुग्णांशी त्याच भाषेत बोलू लागले. तिकडचे लोक आजही त्यांना आठवतात. मुली, वयाचा आणि माध्यमाचा विचार करू नकोस. शिवाय मराठीत अरबी शब्द किती आहेत बघ : तारीख, वकील, हरकत, अर्ज, जमीन, दरवाजा. अर्धी भाषा तुला आधीच येते.

शब्दकोशी, मंगळवार, दुपारी 3:25

काका, जमीन आणि दरवाजा फारसीतून आले. बाकीचे चार अरबीच. पण तुमचा मुद्दा फार उपयोगी आहे, थोडा पुढे नेतो. अरबीत शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. न-ज़-र घ्या : नजर, कोर्टातला नाझर, आणि मंजूर. तिन्ही मराठीत रोज वापरतो. ज-म-अ : जमा, जमात, जुम्मा. ह-क-म : हुकूम, हाकीम, हकीम. हे ओळखता आलं की नवा शब्द पाठ करावा लागत नाही. तो आधीच माहीत असलेल्या घरातलाच निघतो.

म्हणूनच नवख्याने हान्स वेअरचा कोश लगेच घेऊ नये. उत्तम कोश आहे, पण त्यात शब्द धातूखाली लावलेले आहेत. 'म'ने सुरू होणारा शब्द 'म'मध्ये सापडेलच असं नाही.

मंगळवेढा_डाळिंब, मंगळवार, संध्याकाळी 6:00

आमची डाळिंबं व्यापाऱ्यामार्फत दुबईला जातात. पेटीवर अरबीत 'रुम्मान' छापून येतं एवढंच मला ओळखता येतं. कुणाला पेटीवरचं बाकीचं लिहिलेलं समजत असेल तर मीही या धाग्यावर आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारतो : वजन आणि तारीख कुठल्या आकड्यात लिहितात? मला शून्याच्या जागी नुसतं टिंब दिसलं.

मुदर्रिस, मंगळवार, संध्याकाळी 6:40

बरोबर दिसलं. त्यांचा शून्य म्हणजे टिंब. पाच आपल्या पूज्यासारखा गोल दिसतो, तिथेच घोटाळा होतो. सहा इंग्रजी सातसारखा, सात इंग्रजी 'व्ही'सारखा, आठ उलट्या 'व्ही'सारखा. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे लिहितात. उर्दूतला चार आणि त्यांचा चार वेगळा असतो, एवढं लक्षात ठेवा.

पॅकिंग_सेक्शन, मंगळवार, रात्री 10:15

आता नीट सांगते. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, एक्स्पोर्टच्या लेबलांचं काम माझ्याकडे. गेल्या खेपेला सौदीच्या मालावरचं अरबी लेबल चुकलं. तिकडून फोटो आला, 'हे वाचता येत नाही' एवढंच लिहिलेलं. मजकूर तिकडूनच आला होता, आम्ही फक्त छापायला दिला. पण प्रूफवर सही माझी. आठ हजार लेबलं गेली. मला सगळ्यांसमोर विचारलं, 'वाचता येत नव्हतं तर सही कशी केली?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा माल दीड महिन्याने जाणार. पुन्हा न वाचता सही करायची नाही, म्हणून शिकायचं आहे. हे आधी लिहायला लाज वाटली.

डीटीपीवाला, मंगळवार, रात्री 10:30

ताई, 22 वर्षं छपाईत आहे. एक सांगा, चुकलेल्या लेबलवर अक्षरं एकमेकांना जोडलेली आहेत की सुटी-सुटी?

पॅकिंग_सेक्शन, मंगळवार, रात्री 10:34

सुटी. मला वाटलं तशीच असतात.

मुदर्रिस, मंगळवार, रात्री 10:41

अरबी सुटी लिहितच नाहीत, बेटा. छापील असो की हाताने, जोडूनच. फक्त सहा अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत : अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े, वाव. लेबलवरचा सगळ्यात छोटा शब्द बघ. उजव्या टोकाला काय आहे? टिंबं मोजून सांग.

पॅकिंग_सेक्शन, मंगळवार, रात्री 10:52

शंभर टक्क्यांच्या शेजारी तीन अक्षरांचा शब्द आहे. उजवीकडे वाटीसारखं, वर एक टिंब. मधे आडवा गोल आणि त्यावर उभी काठी. डावीकडे वाटीला डोकं आहे, वर दोन टिंबं.

मुदर्रिस, मंगळवार, रात्री 10:58

उजवीकडून नून, तो, क़ाफ. म्हणजे तुमच्या लेबलवर 'नुत्क़' छापलं गेलं, त्याचा अर्थ उच्चार, बोलणं. हवं होतं क़ाफ, तो, नून. 'क़ुत्न', म्हणजे कापूस. इंग्रजीतला 'कॉटन' यातूनच गेला. शब्द उलटा छापला आहे. शंभर टक्के कापसाऐवजी शंभर टक्के उच्चार.

डीटीपीवाला, मंगळवार, रात्री 11:06

मला तीच शंका होती. यात ताईंची चूक नाही. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी मजकूर चिकटवला की तो अक्षरं तोडतो आणि डावीकडून लावतो. आपलं युनिकोड मराठी चिकटवल्यावर वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते, तोच प्रकार. ऑपरेटरला लिपी येत नसेल तर त्याला काही खटकत नाही. उपाय : मजकूर मेसेजमधून घेऊ नका. तिकडून कर्व्ह केलेली पीडीएफ मागवा, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता चित्र होतं आणि तुटत नाही. नाहीतर उजवीकडून लिहिण्याची सोय असलेल्या नव्या आवृत्तीत काम करून घ्या. पुस्तकाची गरजच नाही.

पॅकिंग_सेक्शन, मंगळवार, रात्री 11:15

पीडीएफ मागवते. पण पुस्तक हवंच. सही माझी आहे.

शब्दकोशी, मंगळवार, रात्री 11:30

मग मी माझं मत बदलतो. 'अल-किताब' नको, 'दुरूस' पण आत्ता नको. निकोलस ऑड आणि पुत्रोस समानो यांचं फक्त अरबी मुळाक्षरांवरचं एक पातळ पुस्तक आहे, ते घ्या. सुटं अक्षर, शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं, अशी रूपं वेगवेगळी दाखवलेली आहेत. तुम्हाला नेमकं तेच हवं. रोज तीन अक्षरं हाताने लिहा, दहा दिवसांत लिपी संपते. त्याच्याबरोबर तुमच्या लेबलावरचे शब्द गिरवा : 'क़ुत्न', 'सुनिअ फिल-हिंद' म्हणजे भारतात बनवलेलं, आणि 'मिन्शफा' म्हणजे टॉवेल. न-श-फ हा वाळण्याचा धातू, 'मिन्शफा' म्हणजे कोरडं करायचं साधन.

दम्माम_रिटर्न, बुधवार, सकाळी 6:40

टॉवेलला तिकडं दुकानात मी 'फूता'च ऐकलं. मिन्शफा लिहिलेलं बघितलंय, ते चालतंय. ताई, सही करायच्या आधी शिकायचं म्हणालात, हे लई आवडलं.

मुदर्रिस, बुधवार, सकाळी 8:30

लिपी झाली की 'दुरूस'चा पहिला भाग नक्की घ्या. तोवर रोज रात्री एक पान लिहून त्याचा फोटो इथे टाका, मी तपासून देईन.

पॅकिंग_सेक्शन, तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 9:20

नवीन प्रूफ आलं. अक्षरं जोडलेली आहेत. 'क़ुत्न' मी स्वतः वाचलं, उजवीकडून. 'फिल-हिंद'पण वाचलं. माप 70 बाय 140 त्यांच्या आकड्यांत बरोबर आहे. एकच शंका. 'मिन्शफा'च्या शेवटी जो लहान गोल येतो, त्यावर माझ्या वहीत दोन टिंबं आहेत. प्रूफवर नाहीत. चालतं का?

मुदर्रिस, शनिवार, रात्री 9:31

ती 'ता मरबूता', टिंबं हवीत. टिंबं गेली की तिचं 'हे' नावाचं दुसरंच अक्षर होतं. तिकडे हाताने लिहिताना कुणी गाळतात, छपाईत गाळू नये. परत पाठव.

पॅकिंग_सेक्शन, शनिवार, रात्री 9:34

पाठवलं. सही केली नाही.

मंगळवेढा_डाळिंब, शनिवार, रात्री 10:05

ते पातळ पुस्तक सोलापुरात कुठल्या दुकानात मिळेल का? नवी पेठेत विचारलं, नाही म्हणाले.