मदत हवी आहे: लडाखमधली ऑक्सिट्रोपिस (शेंगावर्गीय वनस्पतींचा एक वंश), यातली जात मायक्रोफायला की फॅल्काटा?

त्सो मोरिरीजवळ कोरझोकच्या वरच्या बाजूला, ४५०० मीटरच्याही वर, रेताड दगडगोट्यांत हे रोप ऑगस्टमध्ये दिसलं. जमिनीला चिकटून गुच्छासारखं, खोड जवळजवळ नाहीच, पानं थेट मुळापासून आलेली, पर्णिका (पानाचे छोटे भाग) अगदी बारीक आणि जोडीने नाही तर चक्राकार. हात लावला की चिकट लागतं आणि वास उग्र, बोटांवरून लवकर जात नाही. फुलं जांभळी, पण बहुतेक संपलेली, शेंगा मात्र भरपूर.

फुलाच्या खालच्या, नौकेसारख्या पाकळीला पुढे टोक आहे म्हणजे अ‍ॅस्ट्रॅगॅलस (जवळचा, सारखा दिसणारा वंश) नाही, एवढं मी एका उरलेल्या फुलावर भिंगाने बघितलंय. आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखायचं अ‍ॅप) टाकलं तर फक्त ऑक्सिट्रोपिसपर्यंत येऊन थांबलं. तिथल्या आमचींना (पारंपरिक वैद्यांना) फोटो दाखवला, ते म्हणाले हिचं नाव तक्शा, सोवा रिग्पात म्हणजे तिबेटी वैद्यकात वापरतात. पण माझ्या वाचनात तिबेटी औषधात फॅल्काटापण येते, त्यामुळे नुसत्या नावावरून प्रजाती ठरत नाहीये.

रोप उपटलेलं नाही त्यामुळे हर्बेरियम नमुना (वाळवून जपलेलं रोप) नाही, फक्त पान, शेंग आणि त्या फुलाचे क्लोजअप आहेत. आणि हो, औषध म्हणून खायचा काहीच विचार नाही, या वंशातल्या बऱ्याच जातींत स्वेनसोनिन हे विषारी द्रव्य असतं आणि जनावरांना त्याची विषबाधा होते हे माहितीये, फील्ड नोट्समध्ये नाव नीट लिहायचंय एवढंच.

माझ्या फोटोतली शेंग किंचित वाकलेली आहे आणि तिच्यावर ग्रंथींचे खरखरीत ठिपके आहेत, पण वाक तर दोन्ही जातींत असतो ना? मग शेंगेत किंवा पानात नेमकं काय बघितलं की मायक्रोफायला आणि फॅल्काटा फोटोवरून वेगळ्या करता येतील?