वडिलांच्या जुन्या गाडीसाठी वेगळं जीपीएस यंत्र: घ्यावं का, आणि कोणतं? (इंदूर)

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या गाडीत काचेला लावता येईल असं जीपीएस हवं आहे. गाडी २०१४ ची वॅगन आर, साधा रेडिओ, पडदा नाही. वडील सत्तरीचे, गाडी उत्तम चालवतात, पण फोन बटणांचा आहे आणि तोच ठेवणार म्हणतात. जाणं-येणं इंदूर-पुणे, मधूनमधून ओंकारेश्वर-महेश्वर, बाकी शहरात. बजेट पंधरा हजार. अमेरिकेतला मावसभाऊ त्याचं वापरलेलं गार्मिन ड्राइव्हस्मार्ट ५५ पाठवतो म्हणतोय. जेल रोडला चौकशी केली तर सगळे सिम घालायचं यंत्र दाखवतात, ते वेगळंच काहीतरी वाटलं.

अटी: इंटरनेट नसताना चालावं, अक्षरं मोठी असावीत, सारखं अपडेट करायला लागू नये.

नकाशेकर

दुकानात दाखवला तो ट्रॅकर. गाडी कुठे आहे हे तो मालकाच्या फोनवर कळवतो, चालवणाऱ्याला वाट दाखवत नाही. बस-टॅक्सीत बसवतात ते एआयएस १४० चं यंत्रही त्याच प्रकारचं. दुकानात जीपीएस न म्हणता नॅव्हिगेटर मागा.

आता मुख्य गोष्ट. पडदा किती इंची, ब्रँड कोणता, हे सगळं नंतर. आधी त्यात भारताचा कोणता नकाशा आहे आणि तो पुढची चार-पाच वर्षं ताजा कसा राहणार, ते विचारा. उपग्रह फक्त तुमची जागा सांगतात. चार उपग्रहांचे संकेत नीट मिळाले की कोणतंही बरं यंत्र ते काम करतं, स्वस्त-महागात फार फरक पडत नाही. वळण कुठे घ्यायचं ते नकाशा ठरवतो.

मावसभावाच्या ५५ मध्ये उत्तर अमेरिकेचा नकाशा असणार. गार्मिनचं 'लाइफटाइम मॅप्स' (नकाशाचे कायमचे फुकट अपडेट) हे जो नकाशा यंत्रात मुळात दिलेला असतो त्याच प्रदेशापुरतं असतं. इथे चालू केलं तर जागा अचूक दाखवेल, पण आसपास एखाद-दुसरी जाड रेघ सोडली तर काही दिसणार नाही. म्हणजे फुकटचं यंत्र आणि वर भारताच्या नकाशाचा खर्च. गार्मिनचा सिटी नॅव्हिगेटर इंडिया वेगळा विकत मिळतो. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: नकाशाची आवृत्ती कोणत्या वर्षाची, आणि पुढचे अपडेट त्यात धरलेत की दर वेळी पुन्हा पैसे. एकदाच मिळणारा नकाशा असेल तर आपल्या भागात दोन वर्षांत तो शिळा होतो. इंदूर-धुळे रस्त्यावरचा अपघातांचा गणपती घाट टाळून काढलेला नवा रस्ता जुन्या नकाशात नसेल, आणि यंत्र वडिलांना जुन्या उतारावर जायला सांगत राहील.

नकाशा ताजा आहे का, हे बघायची सोपी खूण: समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. तो दिसतो का बघा. तुमच्या वाटेवर तो येत नाही, पण नकाशाचं वय लगेच कळतं.

महू_नाका

पंधरा हजारात नवं गार्मिन शोधत बसण्यापेक्षा घरातला जुना अँड्रॉइड फोन फक्त गाडीसाठी ठेवा. सिम नको. फोन म्हणून वापरायचाच नाही, त्यामुळे वडिलांची हरकत नसावी. पडदा सहा-साडेसहा इंचांचा, म्हणजे ५५ च्या साडेपाच इंचांपेक्षा मोठाच.

ऑर्गॅनिक मॅप्स हे ॲप टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नकाशा फोनमध्येच राहतो. यात नकाशे राज्यवार उतरवायचे असतात, म्हणून मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही घ्या. फक्त मध्य प्रदेश घेतला तर बिजासन घाटापुढे सगळं कोरं, आणि पुण्याचा मार्ग निघणारच नाही. ऑसमअँडही चांगलं आहे, पण सेटिंगांची गर्दी वडिलांना जड जाईल. शिवाय फुकट आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे. महिन्यातून एकदा घरच्या वायफायवर तुम्ही स्वतः नकाशा ताजा करा. वडिलांना त्यात हात घालायला लागू नये.

गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशाही चालतो आणि त्यात मराठी आवाज निवडता येतो. पण ऑफलाइन असताना ट्रॅफिक नाही, पर्यायी मार्ग नाहीत, आणि उतरवलेल्या भागाला मुदत असते. ती संपायच्या आत फोन वायफायवर आला नाही तर नकाशा निघून जातो. ज्यांचा फोन महिनोन्महिने गाडीच्या खणातच पडून राहणार, त्यांना हे नेमकं प्रवासाच्या दिवशी अडतं.

एक सावधगिरी. फोनऐवजी टॅबलेट घ्यायचा विचार आला तर फक्त वायफायवाला डोळे झाकून घेऊ नका. वायफाय आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच, आणि स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटमध्येही अनेकदा नसतं. दुकानातच परीक्षा करा: जीपीएसटेस्ट नावाचं ॲप टाका, विमान मोड लावा, लोकेशन चालू ठेवा आणि फुटपाथवर मोकळ्या आभाळाखाली उभे राहा. पाच-सात मिनिटांत उपग्रहांच्या पट्ट्या उभ्या राहिल्या तर ठीक. दुकानाच्या आत बघून निर्णय करू नका.

घाटवळण

दोन्ही पर्याय बरोबर आहेत, पण ५५ लगेच टाकून देऊ नका. त्यात मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून गार्मिनसाठी तयार केलेले भारताचे नकाशे फुकट मिळतात.

कार्ड फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करा. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, म्हणून नकाशात उंचीच्या रेषा वगैरे जास्तीचं घेऊ नका. कार्डावर इंग्रजी अक्षरांत 'गार्मिन' नावाचा फोल्डर करा आणि 'जीमॅपसप डॉट आयएमजी' (gmapsupp.img) ही फाइल त्यात टाका. कार्ड घालून यंत्र सुरू केलं की सेटिंगमध्ये नकाशांची यादी दिसेल. तिथे भारतावर खूण करा आणि उत्तर अमेरिकेवरची काढा. ही दुसरी पायरी लोक विसरतात, आणि मग दोन्ही नकाशे चालू राहून शोध गोंधळतो.

मोठी अडचण पत्त्याची. या फुकट नकाशांत घर क्रमांकाने शोध जवळजवळ लागत नाही. म्हणून नेहमीची ठिकाणं अक्षांश-रेखांश देऊन आधीच साठवा आणि 'पुणे घर', 'ओंकारेश्वर' अशी नावं द्या. वडिलांनी फक्त नावावर बोट ठेवायचं.

अक्षांश भरताना यंत्र कोणती पद्धत मागतं ते नीट बघा. इंदूर शहराचा अक्षांश दशांश पद्धतीत २२.७१९६, आणि अंश-मिनिट-सेकंदात तो साधारण २२ अंश ४३ मिनिटं १० सेकंद. हेच आकडे कुणी २२.४३१० असे भरले तर खूण सरळ दक्षिणेला सुमारे ३२ किलोमीटर सरकते, चोरलच्या बाजूच्या डोंगरात. यंत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने तिकडचा मार्ग काढतं.

मार्गाच्या सेटिंगमध्ये 'कमी वेळ' निवडा. 'कमी अंतर' असा पर्याय दिसला तर तो नको, धुळ्यापुढे ते तुम्हाला गावरस्त्यांतून नेईल. कच्चे रस्ते टाळा यावर खूण हवी, टोल टाळा यावर नको. टोल टाळा चुकून चालू राहिलं तर एबी रोड (आग्रा-मुंबई महामार्ग) सोडून भलतीकडे वळवतं, आणि बिघाड यंत्रात आहे असं वाटत राहतं. पुण्याचा प्रवास आखताना सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव हे मधले थांबे म्हणून घाला. मग मार्ग भरकटत नाही.

आणि अमेरिकेतून आलं की पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. यंत्राला आठवत असतात तिथले उपग्रह. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक नव्याने उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात, एका जागी, अर्धा तास ठेवा. चालत्या गाडीत केलं तर वेळ वाढतो.

सुदामानगर_ताई

मावसभावाला स्पष्ट सांगा: फक्त हे नॅव्हिगेटर पाठव. गार्मिनचीच इनरीच नावाची उपग्रहावरून निरोप धाडणारी यंत्रं दिसायला त्याच घरातली वाटतात, पण दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात आणणं बेकायदा आहे आणि विमानतळावर माणूस अडकतो. साध्या नॅव्हिगेटरला ही अडचण नाही, कारण ते उपग्रहांचे फक्त संकेत घेतं, उपग्रहाला पाठवत काही नाही.

फोनचा पर्याय घेणाऱ्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना फोनसारखं उपकरण फक्त मार्ग बघायला वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून चालवलं तर धोकादायक वाहन चालवण्याचं कलम लागू शकतं, दंड १,००० पासून ५,००० पर्यंत. तेव्हा स्टँड हवाच, आणि पत्ता गाडी सुरू करण्याआधीच भरायचा.

वायरिंगवाले_काका

नकाशाचं सगळं आलं. यंत्रं मरतात ती उष्णतेनं आणि वायरीनं, त्यावर लिहितो.

ड्राइव्हस्मार्टची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस, चालण्याची ५५. मे महिन्यात इंदूरला बाहेर ४२ असताना बंद गाडीतला डॅशबोर्ड याच्या कितीतरी वर जातो. उन्हात लावलेल्या गाडीत यंत्र किंवा फोन सोडला की बॅटरी फुगते, पडदा बाहेर ढकलला जातो. गाडी लावली की काढून पिशवीत घालायचं, ही सवय वडिलांना पहिल्या दिवसापासून लावा. काचेवर चोषकाचा (स्टँडच्या रबरी वाटीचा) गोल डागही ठेवू नका, चोर तोच बघून काच फोडतात.

५५ ची बॅटरी भरलेली असली तरी तासभरच पुरते, तेव्हा १२ व्होल्टच्या सॉकेटमधून वीज सतत लागणार. मूळ केबल मागवून घ्या. फोनसाठी घेत असाल तर चार्जर किमान २.४ अँपिअरचा हवा. एक अँपिअरचा स्वस्त चार्जर पूर्ण उजेडाच्या पडद्याला पुरत नाही. प्लग लावलेला असूनही धुळ्यापर्यंत फोन संपतो, आणि लोक बॅटरी बदलत बसतात. इंजिन सुरू झाल्यावरच प्लग लावा, स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली-वर होतं. गार्मिनच्या प्लगच्या टोकात फ्यूज असतो. यंत्र अचानक चार्ज होईनासं झालं तर आधी टोक उघडून तो बघा. बदलताना त्यावर छापलेल्या अँपिअरचाच घाला, मोठा नको.

कोणी जुनं गार्मिन नुवी देऊ केलं तर एक लक्षात ठेवा: त्याची मिनी यूएसबी केबल साधी नसते. साधी डेटा केबल कार चार्जरला जोडली तर नुवीला वाटतं संगणक जोडला. पडद्यावर संगणकाचं चित्र येतं आणि मार्ग दाखवणं बंद. यंत्र बिघडलेलं नसतं. शिवाय जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. मागचा फेरा ६ एप्रिल २०१९ ला संपला. त्याआधीच्या यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट केलेलं नसेल तर तारीख सुमारे वीस वर्षं मागची दाखवतं, पोहोचायची वेळही चुकीची येऊ शकते. जुनं घेताना तारीख बघूनच घ्या.

स्टँड काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, नजरेच्या रेषेखाली. एअरबॅग उघडते त्या जागेवर अजिबात नको. चोषक लावण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साध्या कापडाने पुसलेल्या काचेवरून तो मानपूरच्या उतारावरच सुटेल. फोन असेल तर एसीच्या जाळीवरचा क्लिप स्टँड उन्हाळ्यात उत्तम, थंड हवा फोनला मिळते. हिवाळ्यात हीटर लावला की तोच स्टँड घातक, तेव्हा जागा बदला. काचेवर धातूची उष्णतारोधक फिल्म लावलेली असेल तर संकेत अडतात, आधी तेवढं बघा.

रामबाग_इंदूर

खूप आभार सगळ्यांचे. फिल्म नाही. शहरातल्या वापराचं काय? आणि नाविक (जीपीएससारखी भारताची उपग्रह व्यवस्था) असलेलं यंत्र शोधायचं का?

महू_नाका

नाविकसाठी थांबू नका. आपलीच व्यवस्था आहे, सात उपग्रहांची म्हणून उभारलेली, आणि तिचा मला अभिमान आहे. पण गाडीच्या वापरात जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ मिळून पुरेसे उपग्रह मिळतात. फोन निवडायची वेळ आली तर एल १ बरोबर एल ५ ही वारंवारता घेणारा निवडा. सराफ्यासारख्या उंच भिंतींच्या अरुंद गल्लीत संकेत भिंतीवर आपटून येतो आणि गाडी शेजारच्या गल्लीत दाखवतो. एल ५ मुळे ती चूक बरीच कमी होते.

शहरात मात्र ऑफलाइन यंत्रावर विसंबू नका. बीआरटीएस (बसगाड्यांची राखीव मार्गिका) हटवायचा आदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला, मेट्रोची कामं चालू आहेत, राजवाड्याजवळचे एकतर्फी रस्ते बदलत असतात. अधूनमधून ताजा होणाऱ्या नकाशाला यातलं काही कळत नाही. वडिलांना शहर पाठ असेल, तर शहरात यंत्र बंदच ठेवलेलं बरं.

नकाशेकर

तुमच्या अटी बघता माझा क्रम असा: ५५ येऊ द्या, भारताचा फुकट नकाशा टाका आणि आधी महेश्वरला जाऊन-येऊन बघा. धामनोदपर्यंत एबी रोड, तिथे वळण, पुढे साधा रस्ता. गणपती घाटाचा नवा रस्ता तेवढा सांभाळा, बाकी चुकलं तरी धोका नाही. तिथे नीट चालला तरच पुण्याला. सिटी नॅव्हिगेटरवर पैसे त्यानंतर, आणि तेही पत्त्याचा शोध वडिलांना खरंच लागत असेल तर. राहिलेल्या पैशांत चांगला स्टँड, मूळ केबल आणि एक जास्तीचं मायक्रोएसडी कार्ड घ्या. नवा नकाशा दुसऱ्या कार्डावर टाकायचा आणि जुनं चालू कार्ड तसंच ठेवायचं, म्हणजे नवी फाइल खराब निघाली तरी प्रवास अडत नाही.

रामबाग_इंदूर

असंच करतो. घाटवळण, अर्धा तास गच्चीवर ठेवायचं ते केबल जोडून की बॅटरीवर?

घाटवळण

बॅटरीवर चालेल, पण आधी घरात पूर्ण चार्ज करून घ्या. आणि सकाळी ठेवा, दुपारच्या उन्हात नको.