दाताच्या मानेजवळची (हिरडीलगतची) फिलिंग पडली की दोष पेशंटचाच?

वऱ्हाडी_मोलर: काल इथं एका डॉक्टरने लिहिलं, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं, रेझिनचं फिलिंग) दातावर सगळीकडे सारखंच चिकटतं, पडलं तर पेशंटने सुपारी फोडली असणार. वाचून डोकंच फिरलं. इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, वजनाने 96 टक्के खनिज, 37 टक्के फॉस्फरिक अ‍ॅसिड 15 सेकंद लावलं की बारीक छिद्रं पडतात आणि रेझिन त्यात शिरून घट्ट बसतं; अ‍ॅसिड लावलेल्या इनॅमलला रेझिन जास्त घट्ट चिकटतं, हे दंतसंशोधक बुओनोकोरने 1955 लाच दाखवलं. त्याखालच्या डेंटिनमध्ये खनिज 70 टक्केच, बाकी कोलॅजन (प्रथिनाचे धागे) आणि पाणी. एच करून (अ‍ॅसिड लावून धुतल्यावर) जास्त सुकवलं की कोलॅजनचं जाळं खाली बसतं, रेझिन शिरणार कुठे? सारखंच कसं काय?

क्लिनिकवाला: पुस्तकं आम्हीपण वाचलीत. आता युनिव्हर्सल बाँड (इनॅमल-डेंटिन दोन्हीला चालणारे चिकटद्रव) आहेत, त्यातलं एमडीपी हे रसायन दातातल्या कॅल्शियमला केमिकली धरतं. पेशंट दिवसातून चारदा मशेरी घासणार आणि फिलिंग निघाली की आमच्या नावाने बोंब.

सांगलीची_लेक: मशेरीवर आलातच तर ऐका. माझ्या आईने आयुष्यभर लावली, मानेजवळ खाचा पडल्या. डॉक्टरने भरलं, पडलं, परत भरलं, परत पडलं, दर वेळी पैसे घेतले आणि वर तिलाच बोलणी. हे टिकणं अवघड आहे असं आधी सांगायला काय जातं?

वऱ्हाडी_मोलर: ताई, तेच म्हणतोय. त्या खाचेतलं डेंटिन स्क्लेरोटिक, काचेसारखं चकचकीत, त्यातल्या बारीक नळ्या खनिजाने बुजलेल्या, अ‍ॅसिडच नीट आत जात नाही. वरचा थर बरने (ड्रिलच्या टोकाने) खरवडावा लागतो. खालच्या कडेला तर बऱ्याचदा इनॅमल नसतंच. आणि आमच्या यवतमाळकडचे फ्लोरोसिसचे (जास्त फ्लोराइडने बिघडलेले) दात बघा, तिथं इनॅमलही अ‍ॅसिडला दाद देत नाही, जास्त वेळ एच करावं लागतं.

क्लिनिकवाला: खरवडायचं मान्य. पण मशेरी सोडा म्हणणं गुन्हा आहे का? तोंडाचा कॅन्सर बघितलाय का कधी जवळून?

सांगलीची_लेक: सोडा म्हणा की, चारचौघात ओरडू नका! दात दुखायचा तेव्हा गावात डेंटिस्ट नव्हता, मशेरीच हाताशी होती. तेव्हा कुठे होतात तुम्ही लोक?

क्लिनिकवाला: म्हणजे तीस वर्षांच्या सवयीचा हिशोब आता माझ्याकडून घेणार?

पीजी_कन्सर्व्ह: मशेरीवरच किती भांडताय. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) किती जण लावतात ते सांगा आधी. एच केल्यावर थुंकी लागली की बाँड गेलाच. आणि सौम्य युनिव्हर्सल बाँड इनॅमलवर एकटा कमी पडतो, कडांना वेगळं अ‍ॅसिड लावा.

क्लिनिकवाला: हिरडीखालच्या कडेला रबर डॅमचा क्लॅम्प बसवून दाखव, मग शिकव. कडा मी एच करतोच. त्या पोस्टमधलं ‘सारखंच’ चूक, एवढं घ्या. मशेरीवर माघार नाही.

सांगलीची_लेक: मग आईचं आता कशाने भरायचं?

वऱ्हाडी_मोलर: जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) विचारा. दिसायला कॉम्पोझिटइतकं छान नाही, पण दातातल्या कॅल्शियमला स्वतःच धरतं आणि मानेजवळ चांगलं टिकतं.