सोसायटी ग्रुप: गोल्फ कार्टचा विषय (परत)

सी-२०४: सेक्रेटरी साहेब, आज परत तेच. चार सीटच्या गोल्फ कार्टमध्ये सात पोरं, आणि बेसमेंटच्या वळणावर मागच्या सीटवरचा एक जण घसरून खाली. कोपर सोललंय. मागून गाडी नव्हती म्हणून बरं. मी मागच्या मीटिंगला पण बोललो होतो

ए-११०२: काका मुलगा एकदम ठीक आहे, मी स्वतः बघून आलो. आणि ती पळते किती, २०-२२ च्या वर जात नाही, सायकल पण पळते तेवढी

सी-२०४: सायकलवर सात जण नसतात

डी-६०१: काका तुमच्या काळात बसायचे म्हणे 😄

बी-५०३: प्रश्न स्पीडचा नाहीये. कार्टला दार नाही, बेल्ट नाही, मागची सीट उलटी. वळताना माणूस सरळ बाहेर जातो, आणि ज्याचे पाय खाली टेकत नाहीत ते पोर सगळ्यात आधी. त्यात बऱ्याच कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, उतारावर कचकन दाबला की मागची चाकं घसरतात. आणि आपला रॅम्प कायम ओला

ई-१०१: इन्शुरन्स आहे का? पॉलिसीची कॉपी ग्रुपवर टाका.

ए-११०२: घराच्या पॉलिसीत सगळं येतं ताई

बी-५०३: घराच्या पॉलिसीत आग, चोरी येत असेल. कार्टने कोणाला उडवलं तर त्याचा दवाखाना, भरपाई हे थर्ड पार्टी झालं, आणि इंजिन-मोटरवर चालणाऱ्या गाड्या घराच्या पॉलिसीतून बहुतेक वगळलेल्याच असतात. मी दिवसभर हेच क्लेम बघते हो. आत बसलेल्यांना लागलं तर त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि गेटबाहेर काढलीत तर नोंदणी, लायसन, सगळं आलंच

ए-३०५: मी काय म्हणतो, कार्ट आहेच तर सीनियर मंडळींना गेटपर्यंत सोडा, थोडे थोडे पैसे घ्या, डिझेलचा खर्च तरी निघेल

डी-६०१: बॅटरीवर आहे ती 😂😂

बी-५०३: पैसे घेतले की तो धंदा झाला. खासगी वापराच्या पॉलिसीवर मग क्लेम विसरा

सी-४०२: डिझेल नाही मान्य, पण वीज कोणाची? चार्जर कॉमन मीटरवर आहे, मी फोटो टाकला होता, कोणी उत्तर दिलं नाही

ए-११०२: वहिनी त्याचे पैसे मी वेगळे भरतो, ट्रेझररना विचारा. आणि तुमची दुसरी कार कोणाच्या पार्किंगमध्ये उभी असते तेही सांगा एकदा

सी-४०२: विषय बदलू नका प्लीज

डी-३०३: पैसे जाऊ द्या, जागा बघा आधी. लेड ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि तुम्ही लावता त्या बंद कोपऱ्यात, मीटर बॉक्सला चिकटून. हवा खेळेल अशा ठिकाणी न्या

ई-१०१: पॉलिसीची कॉपी ग्रुपवर टाका.

ए-११०२: कार्टची वेगळी पण काढलीये, ही घ्या कॉपी. झालं समाधान?

बी-५०३: थँक्स. पण यात टू सीटर लिहिलंय. मागची सीट तुम्ही नंतर बसवली ना? त्यात कंट्रोलर बदलून स्पीड वाढवलाय असं तुमचा मुलगाच लिफ्टमध्ये सांगत होता. हे कंपनीला लेखी कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी ते पहिलं बोट तिथेच ठेवतील

ए-११०२: कळवतो. तोवर मागची सीट बंद. पण एक बोलतो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर काका याच कार्टमधून फिरत होते, तेव्हा काही धोका नव्हता

सी-२०४: तेव्हा तुम्ही चालवत होतात, तुमचा आठवीतला चिरंजीव नव्हे

बी-५०३: आठवीतला??? पॉलिसीत कोणी चालवायची ते वाचलंत का, पान २

ए-११०२: एखाद्या वेळी, ते पण आतल्या आत. चावी कायम माझ्याकडे असते

सेक्रेटरी: चार्जरची जागा आणि चालवणाऱ्याचं वय रविवारी कमिटीत घेऊ. ए-११०२, चावी कार्टलाच होती, वॉचमनने काढून ठेवलीये, केबिनमधून घेऊन जा