लस दिली तरी पाय का सुजला?

लाळ्या-खुरकुताची लस देऊनही गाय लंगडते, असं एक शेतकरी दादा म्हणतात. दादा, ती लस विषाणूवर चालते. तुमच्या गाईचं खूर सडलेलं दिसतंय, तो वेगळा आजार, जिवाणूंमुळे होणारा. लाळ्या-खुरकुतात तोंडातही फोड येतात, लाळ गळते. खूर सडतं तेव्हा बहुधा एकच पाय सुजतो, नख्यांच्या बेचक्यात चीर पडते आणि घाण वास येतो.

आमच्या गोठ्यात गाईंचे मागचे पाय जिथे पडायचे तिथेच खळगा होता. शेण-मुतात भिजून बेचक्यातली कातडी पांढरी, मऊ व्हायची. मग तिथे जखम व्हायला मुरमाचा एक खडाही पुरेसा व्हायचा. आधी तो खळगा बुजवला. विकत आणलेल्या गाईचे पाय उचलून बघा. आणि गाय लंगडताना दिसली की डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा हो, उशीर झाला की संसर्ग सांध्यात उतरतो.