मदत हवी आहे: कोंबडा आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकत्र, खाद्य कोणतं द्यावं?

आमच्याकडे दीड वर्षाचा गावरान कोंबडा आहे. हौसेने पाळलाय, कापायचा नाही. सोबत चार अंड्यावरच्या कोंबड्या, खुराडं एकच, दिवसभर परसात मोकळे. सगळ्यांना लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य) चालू आहे. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के; कोंबड्याला एक टक्का पुरे होतं, जास्तीचं कायम पोटात गेलं तर मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. म्हणून बदल करायचाय.

वेगळं भांडं ठेवून पाहिलं. पण दाणा दिसला की तो टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो, चोचीत उचलून त्यांच्यापुढे टाकतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो! फार गुणी आहे, पण उपाशी राहतो.

आता सगळ्यांनाच ग्रोअर मॅश (वाढत्या पिल्लांचं, कमी कॅल्शियमचं खाद्य) आणि कोंबड्यांच्या कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, असं ठरवतोय. संध्याकाळी मूठभर ज्वारी, शेवग्याचा पाला चालूच राहील. जंताचं औषध झालंय, तुरा लालभडक आहे. अडचण एकच, इथे ग्रोअर ५० किलोच्या पोत्यातच मिळतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

मका, सोयाबीन पेंड, सुकट आणि मिनरल मिक्श्चर घेऊन घरीच भरडा केला तर प्रमाण किती धरावं? आणि शिंपला असा सुटा ठेवून अंड्यांचं कवच टणक राहतं का?